घरची ओळ

स्टुडिओत त्याला सगळे कविराज म्हणत आणि घरी त्याची बायको त्याला उसनेराव म्हणे. दोन्ही नावं त्यानं स्वकष्टानं मिळवलेली. संगीतकारानं पेटीवर चाल वाजवून दाखवायची, शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते गुणगुणायचं, आणि कविराजानं त्या मापाचे शब्द शिवून द्यायचे, असा त्यांचा धंदा वर्षानुवर्षं चालला होता. माप कधी चुकलं नाही. कापड कुणाचं, हे संगीतकारानं कधी विचारलं नाही. त्या भल्या माणसालाही घर चालवायचं होतं.

कापड सगळं बाहेरचं होतं. लहानपणी हा मुलगा एक तर सिनेमागृहात सापडे नाहीतर वाचनालयात, आणि तिथं जे कानांतून, डोळ्यांतून आत गेलं ते मुक्कामालाच राहिलं. एका कादंबरीतली विधवा बटणांचं दुकान बंद करते पण दिवा मालवत नाही. झालं, कित्येक वर्षांनी कविराजाच्या गाण्यातली प्रेयसी दिवा मालवायला विसरते. एका सिनेमातला दीपगृहाचा म्हातारा राखणदार जहाजाकडे बघून म्हणतो, तू जा, मी उजेड धरतो. कविराजाच्या गाण्यात तेच नवरा बायकोला म्हणतो आणि ऐकणारे डोळे पुसतात. बरं, चोरी म्हणावी तर तो मुद्दाम काही करत नसे. ओळ आली की ती आपल्यालाच सुचली असं त्याला मनापासून वाटे. आयत्या बिळावरचे नागोबा पुष्कळ असतात, पण बीळ आपणच खणलं असं मानून वर घाम पुसणारा हा एकटाच.

आणि अशा माणसानं लग्न केलं ते एका संकलक बाईशी! सिनेमाच्या धंद्यात तिला कात्रीबाई म्हणत. चित्रित झालेले तुकडे कापायचे, जोडायचे, आणि जोड कुणाला कळू द्यायचा नाही, हे तिचं काम. त्यामुळे दुसऱ्यानं केलेला जोड तिला लांबून दिसे. वाचनाचं वेड नवऱ्याइतकंच, आणि आठवण त्याच्याहून पक्की. त्याला ओळ आठवे आणि तिला ती ओळ पुस्तकाच्या डाव्या पानावर होती की उजव्या, हेही आठवे.

नवी ओळ झाली की ती तिला दोनदा वाचून दाखवायची, अशी घरातली रीत होती. एकदा कानासाठी आणि एकदा सांध्यासाठी. ती मटार सोलत असे, नाहीतर कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत असे. वर बघत नसे.

‘पाहुणे,’ ती म्हणे. मग त्यांचा पत्ता सांगे. हे त्या बटणवाल्या विधवेकडचे. हे त्या बर्फातल्या सिनेमातले, मध्यंतराच्या जरा आधीचे.

उसन्या ओळीला तिनं दिलेला हा शब्द होता. पाहुणे येण्यात तिला काही पाप वाटत नसे. कुणाकडे येत नाहीत? त्यांची नीट बडदास्त ठेवावी, आपल्यातले कपडे घालायला द्यावेत, म्हणजे चारचौघांत ते घरचेच दिसतात, एवढंच तिचं म्हणणं. पण एकदा वैतागून ती बोलून गेली, की अहो, घर पाहुण्यांनी भरलंय, यजमान कुठे आहेत? ते त्याच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. एखाद्या ओळीवर तिनं ‘घरचं’ म्हणावं. पुरस्कार मिळाले, रस्त्यावरून जाताना लोक त्याची गाणी शिट्टीवर वाजवू लागले, पण तो शब्द काही तिच्या तोंडून निघाला नाही. रोज वही घेऊन जायचं आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं. एकदाच ती सुई थांबवून म्हणाली, ‘हं. शेजारचं.’ त्यावर तो पुढचे कितीतरी दिवस शीळ घालत हिंडला.

बाहेरच्यांसमोर मात्र तिचं रूप निराळं. मुलाखती घ्यायला माणसं येत. तुमच्या गीतांवर साहित्याचा आणि सिनेमाचा मोठा प्रभाव जाणवतो, असं ते लोक आदरानं म्हणत, आणि कविराज मान तिरकी करून प्रभावावर फार छान बोले. मग कुणीतरी बाईंकडे वळे. ती चहाचे कप मांडत, चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणे, ‘छे, प्रभाव कसला. सगळं घरचंच.’ दार बंद व्हायचं, पावलं जिना उतरून जायची, आणि मग ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. प्रभाव म्हणे! अहो, बिऱ्हाड थाटलंय त्यांनी तुमच्यात. त्याला राग येई, मग तोही हसत सुटे. घरच्या माणसाला परक्यासमोर उणं पडू द्यायचं नाही, हा तिचा नियम होता आणि तो तिनं एकदाही मोडला नाही.

मग एका संध्याकाळी, काही ध्यानीमनी नसताना, तो शब्द आला.

ती कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं नुकतीच झालेली ओळ वाचली, ‘निघताना मागे पाहिलंस, म्हणून रस्ता लांबला.’ दुसऱ्यांदा वाचली. तिनं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि म्हणाली, ‘घरचं.’

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. मग हा म्हातारा माणूस उठून खाली गेला आणि भलामोठा केक घेऊन आला. लेकीला फोन केला, संगीतकाराला केला. संगीतकाराला काही कळेना, पण आनंद होतोय तर होऊ दे म्हणून त्यानंही अभिनंदन केलं. त्या रात्री कविराज राजासारखा झोपला.

सकाळी तो दाढी करायला आरशासमोर उभा राहिला. तोंडाला साबण लावलेला. आणि ती ओळ त्याला ऐकू आली, पण स्वतःच्या नव्हे, एका नटाच्या आवाजात. पुलाचा कठडा, नटाच्या कोटाची वर केलेली कॉलर, सगळं दिसलं. सिनेमा जुना होता. आणि तो कात्रीबाईनंच कापला होता. त्याच वाक्यावरून ती दिग्दर्शकाशी भांडली होती, त्यातला ‘अजून’ हा शब्द तिनं स्वतः काढून टाकला होता, आणि घरी येऊन कठड्याऐवजी जेवणाच्या टेबलाला रेलून तो प्रसंग नवऱ्याला करून दाखवला होता. ते वाक्य ती विसरणं शक्य नव्हतं.

साबण वाळेपर्यंत तो तसाच उभा राहिला. दया आली असेल तिला, त्यानं स्वतःला समजावलं. एवढा जन्म गेला, एकदा खोटं बोलून टाकावं असं वाटलं असेल. असंच असावं, अशी त्याची फार इच्छा होती. बाहेर येऊन त्यानं सहज म्हणून तिला ती दीपगृहाची ओळ म्हणून दाखवली, जी तिनं हजारदा पकडली होती. तिनं कौतुकानं ऐकली. ‘छान आहे. तुम्ही लिहिलीत?’

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. रिकाम्या पातेल्याखाली पेटता राहिलेला गॅस. एकाच जागी चार चार वेळा लावलेलं बटण. लेकीला तिनं मावशीच्या नावानं मारलेली हाक. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि जे सांगायचं ते सांगितलं. हा आजार मागे फिरत नाही, चांगले दिवस येतील, वाईट येतील, आणि चांगले कमी कमी होत जातील. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं देतानाच नेलेलं होतं. ज्या एका शब्दासाठी तो जन्मभर झुरला, तो शब्द तिच्या आजाराची पहिली खबर होऊन आला होता.

दवाखान्याच्या बोळात तो भिंतीवर हात टेकून, मान खाली घालून उभा राहिला. आणि त्याच्या लक्षात आलं की असं उभं राहणं आपण पाहिलेलं आहे, अमुक सिनेमात, अमुक नटाचं. त्यानं हात काढला आणि खिडकीशी गेला. खिडकीबाहेर बघत उभं राहणं दुसऱ्या एका सिनेमातलं होतं. तेव्हा तो बाकावर बसला आणि खरोखर घाबरला. बायको चाललीय आणि मला माझं स्वतःचं दुःखही होत नाहीये, तिथंही पाहुणेच पुढे येऊन बसलेत, असं त्याला वाटलं.

त्यानं ठरवलं, ती पुरती जायच्या आत एक ओळ लिहायची. एकच, पण आपली. आणि चांगल्या दिवशी, ती पूर्ण भानावर असताना, तिच्या तोंडून त्या ओळीवर ‘घरचं’ ऐकायचं.

पुस्तकं त्यानं देऊन टाकली. टीव्ही लेकीकडे पाठवला. भिंतीकडे तोंड करून बसू लागला. तुम्हाला वाटेल, आता तरी काही सुचलं असेल. कुठलं! माझ्या डोळ्यांदेखत तू मावळतेस, अशी ओळ आली, ती एका कवीची निघाली. रोज थोडी थोडी निरोप घेतेस, ही आली, ती एका नाटकातली. तेल गेलं, तूपही गेलं, कारण आता ताडून पाहायला पुस्तकंही नव्हती. संगीतकार चाली पाठवत राहिला, मग म्हणाला की बाबा रे, नेहमीसारखं दे ना, कोण विचारतंय. नंतर तोही थांबला, आणि गाणी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ लागला. त्याला दोष कशाला द्या.

कात्रीबाई हळूहळू घराबाहेर पडू लागली. घरातल्या सपाता घालून, केस मोकळे, ती आपल्या जुन्या संकलनाच्या खोलीत कामाला निघायची. ती खोली पाडून तिथं केव्हाच पार्किंग झालं होतं. दोनदा शेजाऱ्यांनी हाताला धरून परत आणली. तेव्हा सुताराला बोलावून दाराच्या अगदी वरच्या टोकाला आतून कडी बसवून घेतली. तिचा हात पोचू नये, एवढाच हेतू. कविराज काही उंच माणूस नव्हता. तो टाचा वर करून, खांदा ओढून ती कशीबशी काढी.

हिवाळा लागला तसा त्याचा खांदा धरला. एका दुपारी लेक आली, घंटा वाजवली. हा टाचा उंचावून कडीशी झटतोय, हात कडीपर्यंत पोचत नाही, बाहेरून लेक ‘बाबा, बाबा’ करतेय, आणि मागून बायको सदरा ओढून सांगतेय की उघडा ना हो, कुणीतरी आलंय. शेवटी स्टूल आणून त्यावर चढून त्यानं दार उघडलं. स्टुलावरून उतरता उतरता ओळ आली.

‘कडी लावली उंच तुझ्यासाठी, हात माझाच पुरेना.’

त्यानं ती कुणाला सांगितली नाही. आधी त्यानं स्वतःच्याच घरावर धाड घातली. सगळे सिनेमे आठवून पाहिले, त्यांतली सगळी दारं, सगळ्या कड्या. कुठल्याच दाराला ही कडी नव्हती. लेकीला विचारलं. ती म्हणाली की हे मी कुठंच ऐकलेलं नाही. संगीतकाराला फोनवर म्हणून दाखवली. तिकडून तो जरा जपून म्हणाला, कुठल्या सिनेमातलं रे? कुठल्याच नाही, कविराज म्हणाला, आणि आपण खरं बोलतोय हे त्याचं त्यालाच इतकं नवं होतं की फोन ठेवल्यावर तो थोडा रडला.

आता वाट बघायची होती ती चांगल्या दिवसाची. असे दिवस फार उरले नव्हते. कधी ती दिवसभर बोलतच नसे, कधी लेकीला बाजूला घेऊन विचारी की आपण घरी कधी जायचं. वही उशाशी घेऊन तो रोज सकाळी तिचा चेहरा बघे आणि ओळखे की आज नाही.

आणि मग एका सकाळी तिनं आपले केस आपणच विंचरले. लेक मुक्कामाला होती, तिनं केलेल्या चहाचा घोट घेऊन कात्रीबाई म्हणाली, ‘साखर विसरलीस.’ लेक विसरली होतीच. मग तिनं मटाराची टोपली मागून घेतली, चष्मा लावला आणि समोर बसलेल्या त्याला म्हणाली, ‘तुम्ही आज दाढी केली नाहीत वाटतं.’ त्यानं वही उघडली. लेकीनं स्वयंपाकघराच्या दारातून त्याला मानेनं खूण केली.

आधी परीक्षा घ्यावी म्हणून त्यानं जुनी दीपगृहाची ओळ वाचली. ‘तू जा, मी उजेड धरतो.’ दुसऱ्यांदा वाचायची वेळच आली नाही.

‘पाहुणे,’ शेंग मोडत ती म्हणाली. ‘दीपगृहवाले. त्या म्हाताऱ्याची टोपी पुढच्या शॉटमध्ये गायब होते, आठवतंय? कुणी कापलाय देव जाणे.’

टोपीची ही तक्रार ती लग्नाआधीपासून करत आलेली. ती होती. पुरती तीच होती. त्यानं वही गुडघ्यावर टेकवली. आपली ओळ त्यानं एकदा वाचली, कानासाठी. मग सांध्यासाठी दुसऱ्यांदा वाचली. तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, जे ती कधी करत नसे, आणि त्याच्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं.

‘पाहुणे,’ ती म्हणाली.

‘कुठले?’ त्यानं विचारलं. आणि विचारताना त्याला कळलं की आपल्याला आता ‘घरचं’ नकोच आहे. तिनं पत्ता सांगावा. पुस्तक, पान, सिनेमा, मध्यंतराआधी की नंतर, काहीही सांगावं. मी हरलो तर हरलो, पण तिनं ओळखावं.

ती लेकीकडे वळली. ‘अगं, पाहुणे केव्हाचे बसलेत. त्यांना चहा तरी विचारलास का?’

पाहुणे म्हणजे तो होता. सकाळपासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत होती आणि तो आनंदात होता. नवऱ्यालाही तुम्ही, आल्यागेल्यालाही तुम्ही. आपल्या भाषेत या दोहोंना वेगळा शब्द नाही, त्यामुळे ती नेमकी कधी त्याला सोडून गेली, टोपीच्या आधी की ओळीनंतर, हे त्याला कायमचं कळणार नव्हतं.

लेक पुढे झाली, आई, हे बाबा आहेत, असं म्हणणार तोच त्यानं हातानं थांबवलं. चहा आला. कात्रीबाईनं कप स्वतः त्याच्यापुढे ठेवला. बसा, आमचे हे येतीलच, स्टुडिओत गेलेत, गाणी लिहितात ते, असं तिनं अगत्यानं सांगितलं. तो म्हणाला की ऐकली आहेत मी त्यांची गाणी. मग त्याला राहवलं नाही. सगळे विचारत तेच त्यानंही विचारलं.

‘सिनेमा-पुस्तकांचा बराच प्रभाव आहे म्हणतात त्यांच्यावर.’

ती ताठ बसली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. ‘छे, प्रभाव कसला,’ ती म्हणाली. ‘सगळं घरचंच.’

इतक्या वर्षांनी, भानावर असलेल्या बाईनं, ठाम आवाजात सांगितलं. आणि हे वाक्य ती कुणाला सांगते, हे त्याच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं चहा संपवला. येतो म्हणाला. लेक नको नको म्हणत असताना त्यानं स्टूल ओढलं, कडी काढली, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. मग तो जिना उतरू लागला, मुद्दाम जोरजोरात, प्रत्येक पायरीवर पाय आपटत, खालच्या वळणापर्यंत. तिथं त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, भिंतीचा आधार घेत, परत वर आला. दाराला कान लावून उभा राहिला. पावलं उतरून गेली की ती हसायची. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

आत मटाराची शेंग मोडल्याचा आवाज आला. मग दुसरी.

‘गेले का?’ तिनं लेकीला विचारलं. ‘मग कडी लाव. हे आले की वाजवतील.’

लेकीनं काय करावं? मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि वर, त्याच्या डोक्याच्याही वर, कडी बसली. आईला शांत करून आपण परत उघडू, असं तिच्या मनात असणार.

तो चपला हातात धरून उभा राहिला. बराच वेळ झाल्यावर, नुकताच स्टुडिओतून आलेला माणूस वाजवील तशी त्यानं घंटा वाजवली.

‘कोण?’ आतून तिनं विचारलं.

त्याच्या ओठांवर उत्तर आलं. ते कुठल्या सिनेमातलं होतं हे त्यानं ओळखलं, आणि तो गप्प राहिला.